स्लाइड काळवंडली? लॅबच्या आधी कॅमेऱ्याचा सेल बघा

चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधलं ‘ओपन हँड’ हे शिल्प २६ मीटर उंच आहे. फोटो काढायला मान वर करावीच लागते आणि फ्रेममध्ये आभाळच जास्त येतं. मोबाइल हे सांभाळून घेतो. पण काकांचा जुना रेंजफाइंडर, समजा १९७२ साली आलेला कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, स्लाइड फिल्म घालून नेलात तर हात काळाकुट्ट येऊ शकतो.

निगेटिव्हमधली चूक प्रिंट काढताना बरीच सावरता येते. स्लाइडमध्ये मात्र कॅमेऱ्यात पडलेला उजेड हाच शेवटचा फोटो. दोन स्टॉप कमी पडले, तर चांगल्या स्कॅनमध्येही सावलीतलं फारसं काही परत येत नाही.

रोल काळपट आला की आधी फिल्मची कड उजेडासमोर धरा. तिथले आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात. ते नेहमीसारखे उजळ दिसत असतील तर लॅबने काम नीट केलंय, कॅमेऱ्यातच उजेड कमी पडलाय. मग बघा, सगळा रोल सारखाच गडद आहे की फक्त आभाळवाले फोटो?

सगळाच गडद असेल तर संशय सेलवर. या कॅमेऱ्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवला होता. ते सेल आता मिळत नाहीत. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटरला ऊन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं आणि तो छिद्र बारीक करतो. यावर उपाय आजोबांच्या श्रवणयंत्राच्या डबीत सापडेल! ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. तो थोडा लहान असल्यामुळे भोवती रबरी रिंग लावावी लागते, आणि एकदा स्टिकर काढला की तो काही आठवडेच टिकतो.

खात्री घरीच करा. भर उन्हात, १०० आयएसओ आणि १/२५० वर, हिरवळीकडे रोखलेला काटा साधारण ११ दाखवायला हवा. १६ दाखवला तर एक स्टॉप कमी पडतोय.

फक्त आभाळवाले फोटो बिघडले असतील तर मीटर बरोबर आहे, त्याला उजळ आभाळाने फसवलंय. मीटरचा डोळा भिंगाच्या वरच्या बाजूला असतो आणि समोरचं बरंच काही एकदम बघतो. कॅमेरा आधी समोरच्या उन्हातल्या हिरवळीकडे वळवा, बटण अर्धं दाबून धरा, मग शिल्पाकडे नेऊन पूर्ण दाबा. अर्धं दाबल्यावर आकडा तिथेच अडकून राहतो. आवडत्या जागेचा आणखी एक फोटो एक स्टॉप जास्त उजेड देऊन काढाच, फिल्म कितीही महाग असली तरी.

आणि निम्मा रोल संपल्यावर लक्षात आलं की फिल्म १०० ची, पण डायल ४०० वर राहिलाय? डायलला हात लावू नका. उरलेले फोटोही ४०० वरच काढा आणि लॅबला दोन स्टॉप ‘पुश’ करायला सांगा. रंग थोडे कडक येतील, पण फोटो दिसतील.