मनी प्लांटचे दैव पेरात असते

बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या जुन्या घरांच्या ओट्यावर असो की नव्या इमारतींच्या बाल्कनीत, मनी प्लांट सहज नजरेला पडतो. तो चोरून आणला तरच लागतो, विकत घेतला तर नाही, ही समजूत मराठी घरांनाही परकी नाही. त्यातले निरीक्षण खरे आहे: खुडून आणलेला तुकडा खरोखरच जगतो. पण त्याचे श्रेय चोरीला नाही, पेराला द्यायला हवे. देठ जिथे खोडाला मिळतो तिथल्या त्या फुगीर सांध्यात सुप्त डोळा असतो आणि मुळांचे तपकिरी कोंबही आधीच डोकावत असतात. शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक कापलेल्या टोकाशी साचते आणि मुळांना चालना मिळते. म्हणून कात्री पेराच्या बोटभर खाली चालवावी, एक-दोन पेरे पाण्यात बुडवावीत आणि बुडणारी पाने काढून टाकावीत.

यावर कोणी म्हणेल, नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तरी मुळे फुटतात, मग पेराचे एवढे कौतुक कशाला? मुळे फुटतात हे खरे, पण डोळाच नसल्यामुळे त्यातून नवी वेल निघत नाही. ते पान महिनोन्‌महिने हिरवे राहील, पण पानच राहील. या वनस्पतीला तर पेराशिवाय दुसरा आधारच जवळजवळ उरलेला नाही. ती मूळची दक्षिण प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटाची. तिला फूल येणे इतके दुर्मीळ, की बियांपासून वाढवण्याचा विचारही कोणी करत नाही. 2016 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या संशोधनाने त्याचे कारण दाखवले: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या साखळीतले एक जनुक तिच्यात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर फुले आली. म्हणजे घराघरांतला मनी प्लांट छाटामागून छाट लावतच इथवर पोहोचला आहे. श्रीलंकेत तर तो आक्रमक तण ठरला, तोही बियांविना.

मग सगळीकडे वेल सारखीच का दिसत नाही? कारण प्रकाश आणि आधार. अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळे पट्टे फिके पडतात. झाडावर चढलेल्या वेलीची पाने हातभर होतात आणि चिरतात. बाटलीतली वेल वर्षानुवर्षे जगते हे मान्य, पण नुसत्या पाण्यात पोषण अत्यल्प असल्याने ती खुरटीच राहते. मुळे दोन-तीन इंच झाली की कोकोपीट मिसळलेल्या, निचऱ्याच्या मातीत छाट लावावा. पाण्यातली मुळे नाजूक असतात, म्हणून पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी. पुढे मात्र वरचा थर सुकल्यावरच पाणी घालावे, नाहीतर मुळे कुजतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत जानेवारीच्या रात्री पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो आणि मुळे रेंगाळतात. घाई असेल तर छाट फेब्रुवारीनंतर घ्यावा.

बाटलीच ठेवायची असेल, तर पाणी दर आठवड्याला न चुकता बदलावे. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर: डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उबदार हवेत सात ते दहा दिवसांत पुरी होते. अंडी काचेला चिकटलेली असतात, तेव्हा पाणी ओतून देणे पुरेसे नाही, बाटली आतून घासायला हवी.