डब्याएवढे फडताळ

मैत्रिणींनो, आमच्या वाणगाव-चिंचणीकडे घरोघरी दागिन्यांचे डाय बनतात. आमच्याही पडवीत तोच धंदा. पूर्वी नक्षी थेट हाताने कोरायची. आता पुष्कळजण ती आधी संगणकावर काढतात. गेल्या पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करत होती, नि एका संध्याकाळी आमच्या जुन्या संगणकाची डिस्कच गेली. तीन वर्षांच्या नक्ष्या पाण्यात! ‘ह्यां’चा चेहरा पाहवेना.

मग हिशेबाची वही मीच पुढे ओढली. सगळ्या फायली एका जागी सांभाळून घरातल्या साऱ्या संगणकांना पुरवणारा, तो सर्व्हर. त्यासाठी मोठे धूड कशाला? ६० वॅटचा डेस्कटॉप चोवीस तास चालला, तर महिन्याला ४३ युनिट जळतात. डब्याएवढा मिनी पीसी एरवी १० वॅटच्या आसपास भागवतो, म्हणजे ७ युनिट. रास्पबेरी पाय आणखी लहान. पण सगळे मेमरी कार्डावरच ठेवले, तर सततच्या लिहिण्याने कार्ड झिजते. म्हणून आम्ही मिनी पीसी घेतला.

तुम्ही घ्याल तेव्हा इतके पाहा: रॅम निदान ८ जीबी, पुढे वाढवता येणारी, एसएसडी, नेटवर्कच्या वायरीची सोय. छोटा यूपीएस हवाच. बंद कपाटात मात्र कोंबू नका, त्याला हवा लागते.

आणि दर शनिवारी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. आमची जाऊबाईंच्या घरी असते. लोणच्याची एक बरणी आपण वेगळी ठेवतोच ना, तस्संच!