कानातला बिल्ला आणि कागदावरचा बैल

कंधारच्या माळावर गडद लाल रंगाची, लांब कानांची बैलजोडी औताला जुंपलेली दिसली की ती लाल कंधारी हे सांगावे लागत नाही. ऊन सोसणारे, ओढकामाला चिवट असे हे जनावर. पण तेही देहधारीच. समजा, ऐन पेरणीच्या दिवसांत वीज पडून त्यातला एक बैल गेला. जोडीतला एक गेला म्हणजे औत थांबले. घरधनी डोक्याला हात लावून बसतो. मग कोणीतरी आठवण करून देते, “अहो, त्याचा विमा उतरला होता ना?”

दोन दिवसांनी कंपनीचा पाहणीदार येतो. तो काय विचारतो आणि का विचारतो, हे घरात एकाला तरी ठाऊक असले तर निम्मी भांडणे उभीच राहणार नाहीत. म्हणून त्याचे काम त्याच्याच बाजूने समजून घेऊ.

त्याचा पहिला प्रश्न असतो : मेलेला बैल तोच का, ज्याचा विमा होता? बैल तुमच्या डोळ्यांपुढे उभा असतो, पण कंपनीने तो कागदावरच पाहिलेला. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे कानातला बिल्ला. बिल्ला नाही तर सामान्यतः भरपाई नाही. म्हणून तो पडला तर त्याच आठवड्यात कंपनीला लेखी कळवून नवा मारून घ्यावा. बैल विकला असेल तर विम्याचा कागद आपोआप नव्या मालकाचा होत नाही, तीही नोंद करावी लागते. ज्याच्या जाण्याने आपले नुकसान होते, त्याचाच विमा आपल्याला उतरवता येतो.

दुसरा प्रश्न : तो कशाने मेला? करारात काही कारणे धरलेली असतात, काही वगळलेली. अपघात व रोगाने आलेला मृत्यू बहुधा धरलेला असतो. चोरी आणि जाणूनबुजून केलेली हयगय बहुधा वगळलेली असते. म्हणूनच जनावरांच्या डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून दाखला घ्यावा लागतो. दुःखाच्या भरात, किंवा वास सुटेल या धास्तीने, कोणालाही न कळवता बैल पुरून टाकला तर कारण सिद्ध कसे करणार? आधी कंपनीला कळवावे, फोटो काढावेत, दाखला घ्यावा आणि मग माती द्यावी.

तिसरा प्रश्न : नुकसान किती? इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. विमा ही लॉटरी नव्हे. नुकसान होण्यापूर्वी आपण होतो तिथवर आणून सोडणे, एवढेच त्याचे काम. बैलाची किंमत ८०,००० रुपये असून हप्ता वाचवण्यासाठी ६०,००० चाच विमा उतरवला असेल, तर ६०,००० च्या वर काही मिळणार नाही. उलट, ४५,००० चा बैल ६०,००० चा दाखवला, तरी बऱ्याच करारांत बाजारभावाएवढेच हाती येते. आणि विमा उतरवताना जनावराचा जुना आजार लपवला असेल, तर सगळाच दावा फेटाळला जाऊ शकतो. विम्याचा व्यवहार दोन्ही बाजूंच्या खरेपणावर चालतो.

आता गोठ्यातून शेतात जाऊ, कारण तिथला हिशेब निराळा आहे. बैल एकेक मोजता येतो. लाखो शेतांची एकेक पाहणी कशी करणार? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात यावर तोड सुचवली : शेत न पाहता क्षेत्र पाहावे. १९७९ मध्ये त्या धर्तीवर प्रायोगिक योजना निघाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेचा पायाही तोच आहे.

हिशेब असा. समजा, मागील सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची मंडळातली सोयाबीनची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आली. तिचे ७० टक्के म्हणजे १०.५ क्विंटल. हे उंबरठा उत्पादन. यंदाच्या पीक कापणी प्रयोगात ८.४ क्विंटल निघाले. तूट २.१ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विम्याची रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर १०,००० रुपये मिळतील. तुमचे एकट्याचे शेत धुऊन गेले पण मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहिली, तर या हिशेबात काही मिळत नाही. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात भरपाई अशी कापणी प्रयोगांवरच ठरवण्यात आली. म्हणून आपल्या शिवारात कापणी प्रयोग होईल त्या दिवशी गावकऱ्यांनी तिथे हजर राहावे. साऱ्या मंडळाचा निकाल अशाच चार-दोन वाफ्यांवर लागत असतो.

घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी या कामाकडे पोटापाण्याचा धंदा म्हणूनही पाहावे. आग, मोटार, यंत्रे यांच्या मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकच करतो. हा परवाना विमा नियामक प्राधिकरण देते. त्यासाठी ठरावीक शिक्षण, उमेदवारी आणि परीक्षा लागते. सर्वेक्षकाची फी कंपनी देते, पण अहवाल कोणाकडेही न झुकता लिहायचा, असे त्याच्यावर बंधन आहे. बैलाचे दात पाहून वय सांगणारे, ढेकूळ फोडून ओल ओळखणारे आपल्या घरचे पोर या कामात कोणाच्या मागे राहील?

तोवर एवढे करा. विम्याचा कागद, हप्त्याची पावती आणि बिल्ल्याचा नंबर ट्रंकेत एकाच पिशवीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. बैलाच्या दाव्यावर कंपनीने दाद दिली नाही, तर पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तिथे तक्रारीला फी पडत नाही. गेलेला बैल कागदाने परत येत नाही, पण पुढच्या पेरणीला दुसरा दावणीला बांधता येतो.