हिशेबाचा मुक्त तक्ता

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मी मुख्याध्यापक असताना नववीतील एक विद्यार्थी असाच आईवडिलांबरोबर गेला व चैत्रात परतून वार्षिक परीक्षेस बसला. निकाल लागला तेव्हा एकूण गुण कमी पडून तो अनुत्तीर्ण ठरला होता. दुसऱ्या दिवशी तो गुणपत्रक घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. “सर, माझी बेरीज पुन्हा एकदा करता का?” मी कागदावर बेरीज केली. ६८ गुण कमी धरले गेले होते! मग चूक कोणाची? माझी, की संगणकाची?

निकाल आम्ही स्प्रेडशीटवर तयार केला होता. स्प्रेडशीट म्हणजे उभ्या रकान्यांचा व आडव्या ओळींचा तक्ता. त्याच्या प्रत्येक घरात आकडा, मजकूर किंवा सूत्र लिहिता येते. एका घरातील आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलतात. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ तयार केला, आणि ही सोय लहान संगणकांवर आली.

आमच्या शाळेत वापरला जाई तो ‘लिबरऑफिस कॅल्क’. त्याचा पूर्वज जर्मनीतील ‘स्टारऑफिस’. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने तो १९९९ मध्ये विकत घेतला व २००० साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. पुढे २०१० मध्ये काही कार्यकर्त्यांनी वेगळे होऊन लिबरऑफिसचे काम सुरू केले. याला मुक्त म्हणतात ते केवळ पैसे पडत नाहीत म्हणून नव्हे. विहिरीवरच्या इंजिनाचे झाकण कारखान्यानेच कायमचे बंद करून टाकले, तर गावचा मिस्त्री कितीही हुशार असला तरी काय करणार? येथे झाकण उघडे आहे. ज्याला समजते त्याने आत पाहावे, दुरुस्ती करावी, दुसऱ्यालाही द्यावी. त्यातील आज्ञांचे मराठी भाषांतरही झाले आहे.

दुरुस्तीची रीत मात्र शिस्तीची आहे. “तक्ता चुकतो” एवढेच कळवून भागत नाही. मी काय केले, काय व्हावयास हवे होते व प्रत्यक्षात काय झाले, हे तिन्ही लिहावे लागते. मग दुसरा कोणी तेच करून पाहतो. त्यालाही तोच दोष आढळला, तर जाणकार आज्ञावलीत बदल करतो, आणि तो बदल आणखी एक जाणकार तपासतो. शिवाय तीच चूक पुन्हा शिरू नये म्हणून पुष्कळदा एक कायमची चाचणीही जोडून ठेवतात.

कधी कधी दुसऱ्याच्या चुकीशीही जुळवून घ्यावे लागते. १९०० या वर्षाला ४ ने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नव्हते. कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. पण १९८३ साली निघालेल्या ‘लोटस १-२-३’ मध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मोजला गेला, आणि जुने तक्ते बिघडू नयेत म्हणून ‘एक्सेल’नेही तो तसाच ठेवला. कॅल्कमध्ये तो खोटा दिवस नाही. तेथे ३० डिसेंबर १८९९ हा शून्यावा दिवस धरला आहे. त्यामुळे १ मार्च १९०० पासूनचे दिवसांचे क्रमांक एक्सेलशी बरोबर जुळतात. ही युक्ती मला फार आवडते.

आता आमच्या ६८ गुणांकडे वळू. कॅल्कमध्ये अशी सोय आहे, की एक आज्ञा दिली असता आकडे निळे, सूत्रे हिरवी व मजकूर काळा दिसतो. मी ती आज्ञा दिली. गणिताच्या निळ्या रकान्यात एकटा ६८ काळा होता. टंकताना माझ्या हातून त्याच्याआधी एक अवतरणचिन्ह पडले होते. त्यामुळे संगणकाने तो मजकूर मानला, व बेरजेचे सूत्र मजकूर सोडून देते. दोष कॅल्कचा नव्हता, माझाच होता. मी ते चिन्ह पुसले. ६८ निळा झाला आणि शेजारची बेरीज त्याच क्षणी बदलली. त्या मुलाला मी खुर्ची ओढून जवळ बसविले होते. त्याने ती बदलताना पाहिली. सुधारलेले निकालपत्रक त्याच संध्याकाळी फळ्यावर लागले.