436 ची ओळ

सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाचा एक कोपरा मोकळा ठेवलेला असतो. तिथे एक लाकडी फूटपट्टी, लाल-निळी पेन्सिल, भिंग आणि दोनशे पानी वही मांडलेली असते. साडेदहापर्यंत समोरच्या बाकावर सहा-सात माणसं जमतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत पासबुक.

तिथे जायचं निमित्त किरकोळ होतं. घरकाम करणाऱ्या एका बाईंच्या खात्यातून दर मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कटत होते. कशाचे म्हणून बँकेत विचारलं, तर ‘सरकारी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. त्यांना कुणीतरी या टेबलाचा पत्ता दिला. परतल्या तेव्हा त्या ओळीचं नाव, तिची तारीख आणि ती बंद कशी करायची, हे सगळं त्यांना पाठ होतं. ज्या घरी त्या कामाला जातात, तिथल्या दोन पदवीधरांच्या पासबुकातही 436 ची ओळ होती. ती कशाची, हे त्या दोघांनाही सांगता आलं नाही.

टेबलामागे बसणारे गृहस्थ 36 वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. नाव छापायचं नाही, ही त्यांची एकमेव अट. नवे लोक त्यांना साहेब म्हणतात, जुने खातेदार अजून कॅशियर म्हणूनच हाक मारतात.

कॅशियर स्वतः पासबुक वाचत नाहीत. पट्टी ओळीखाली ठेवतात आणि समोरच्याला वाचायला लावतात. इंग्रजी येत नसेल तर नुसता आकडा वाचायचा. आकडा म्हटला की पट्टी थांबते आणि ठरलेले प्रश्न येतात: कुणी मागितले? तुम्ही हो म्हणाला होता का? कधी म्हणाला होता? बहुतेकांचा आवाज पहिल्या आकड्याला अगदी खाली असतो. स्वतःच्या पैशांचा हिशेब विचारायला संकोचणारी माणसं इथे पाहायला मिळतात, तशी किराणा दुकानात दिसत नाहीत.

शेजारीच पसरलेल्या वर्तमानपत्रात ‘डिजिटल अटके’ची बातमी असते आणि तिच्यात लाखांचे, कधी कोटींचे आकडे. या कोपऱ्यात चर्चा चालते ती 17 रुपये 70 पैशांची. ती फोड कॅशियर पेन्सिलीने मांडून दाखवतात: एसएमएसचे 15 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2 रुपये 70 पैसे, दर तिमाहीला. ग्राहकाने प्रत्यक्ष जेवढे मेसेज वापरले तेवढ्यापुरताच आकार घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सांगितलेलं आहे. 23 रुपये 60 पैसे ही आणखी एक ओळखीची ओळ. खात्यात शिल्लक नसताना एटीएममध्ये कार्ड घातलं, पैसे आले नाहीत, त्याचे 20 रुपये अधिक कर. एका पोराने न मिळणाऱ्या पैशांसाठी एकाच दुपारी तीनदा कार्ड घातलं होतं. त्याच्या पासबुकात या आकड्याच्या तीन ओळी एकाखाली एक होत्या.

सगळ्याच ओळी बेकायदा नसतात, हे कॅशियर लपवत नाहीत. पण नियमाचा कागद त्यांच्या फाइलीत असतो. किमान शिल्लक नसल्याचा दंड लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवायचं, शिल्लक भरायला निदान महिनाभर द्यायचा, आणि नुसत्या या दंडापायी खातं शून्याच्या खाली न्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे. शाखेत तोंडी भांडायला त्यांची सक्त मनाई. अर्ज दोन प्रतींत लिहायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा.

“पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही,” हे वाक्य सकाळभरात निदान आठ वेळा कानावर येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. 12 नोव्हेंबर 2021 पासून वेगवेगळे लोकपाल एकाच योजनेत आले, तक्रार ऑनलाइन फुकट करता येते, आणि माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. पण बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मागतातच. म्हणून पोच.

आणि 436?

ही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मे 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा हप्ता वर्षाला 330 रुपये होता, 1 जून 2022 पासून 436 झाला. सोबतच्या अपघात विम्याचा हप्ता तेव्हाच 12 वरून 20 वर गेला. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे, म्हणून कपात मेअखेर. नको असेल तर शाखेत लेखी अर्ज द्यायचा, की पुढच्या वर्षीची कपात थांबते. एवढं सांगून झाल्यावर कॅशियर फूटपट्टी टेबलावर आडवी ठेवतात आणि थोडं थांबतात.

“2015 ला रोज संध्याकाळी आकडा वर कळवावा लागायचा, आज किती फॉर्म झाले म्हणून,” एकदा रांग ओसरल्यावर ते म्हणाले. “रोजगार हमीचे पैसे न्यायला बाया यायच्या. मी म्हणायचो, इथं अंगठा करा. कशावर ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. योजना वाईट नव्हती हो. सही वाईट घेतली.”

वाचनालयाच्या ग्रंथपालांना हे पटत नाही. एवढ्या स्वस्तात विमा कोण देतं, लोकांना कळत नाही म्हणून द्यायचाच नाही का, असा त्यांचा सवाल. कॅशियर त्यावर वाद घालत नाहीत. पुढच्या माणसाला बसायला सांगतात.

मधूनच त्यांचा स्वतःचा फोन वाजतो. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का. ते शिवी देत नाहीत, ब्लॉकही करत नाहीत. नंबर, तारीख, वेळ वहीत उतरवतात आणि 1909 वर तक्रार टाकतात. जाहिरातीच्या नोंदणीकृत कॉलसाठी 140 ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका-विमा कंपन्यांच्या सेवा कॉलसाठी 1600 ची मालिका. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात करणं हाच मुळात नियमभंग. दूरसंचार नियमांतल्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा कॉलची तक्रार सात दिवसांपर्यंत करता येते, पूर्वी तीनच दिवस मिळायचे. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तर त्या नंबरवर कारवाई सुरू होऊ शकते. “ब्लॉक केला तर तुमच्यापुरता गप्प बसतो. तक्रार केली तर मोजला जातो,” असं त्यांचं म्हणणं. वहीतल्या नोंदी बघता या नादापायी त्यांचा बराच वेळ जात असणार.

कॉलेजातली एक मुलगी आली ती पासबुकाशिवाय, फोन घेऊन. एक रुपयात सुरू केलेलं भविष्याचं अ‍ॅप आता महिन्याला 199 रुपये कापत होतं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान उघडून परवानगी रद्द करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. घ्यायला सोपं आणि सोडायला अवघड अशा या सापळ्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांत जागा दिलेली आहे. मुलगी हसून म्हणाली, भविष्यात हे नव्हतं सांगितलं.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास एक शेतकरी घाईने आत आले. हातातला फोन त्यांनी अंगापासून लांब धरला होता, जणू पोळेल. ‘बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा मेसेज, खाली एक मोबाइल नंबर. त्यावर फोन केला, पलीकडच्या माणसाने एक अ‍ॅप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला लावले. मग दोन फटक्यांत 38,000 गेले.

कॅशियर पहिल्यांदा उभे राहिले. इंटरनेट बंद, ते अ‍ॅप काढून टाका, आणि वाचनालयाच्या फोनवरून 1930. बाकीचे बाकावर गप्प. पलीकडून व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागितला, तेव्हा कॅशियरनी फूटपट्टी फोनच्या काचेवर त्या मेसेजखाली ठेवली आणि शेतकऱ्याला म्हणाले, “वाचा.” त्यांनी वाचला. सातव्या आकड्याला चुकले, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

ही घाई उगाच नसते. 2021 साली 155260 म्हणून सुरू झालेली आणि पुढे 1930 झालेली ही हेल्पलाइन तक्रार थेट अशा यंत्रणेत टाकते, जिथून पैसा ज्या बँकेत गेला तिला कळवलं जातं. तिथून तो पुढे निघाला नसेल तर त्यावर होल्ड लागतो. शिवाय जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हीसुद्धा एक पोचच.

पुढच्या शनिवारी समजलं, 38,000 पैकी 11,000 वर होल्ड लागला होता. बाकीचे तोवर दुसऱ्या खात्यातून एटीएममधून काढले गेले होते. शेतकरी ते सांगायला आले होते. येताना पिशवीभर वांगी आणली होती.

त्याच शनिवारी, बारा वाजून गेल्यावर एक म्हातारी नातीला घेऊन बसली. मुलाचं खातं बंद करायचं होतं. मुलगा एकेचाळिसाव्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला गेला. खात्यात 1,212 रुपये शिल्लक, तेवढे मिळाले की काम झालं. नातीने वाचायला सुरुवात केली. गॅसची सबसिडी. 17 रुपये 70 पैसे. परत 17 रुपये 70 पैसे. मग पट्टी मे महिन्यावर आली.

“चारशे छत्तीस,” नात म्हणाली.

पट्टी थांबली. कॅशियरनी भिंग घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली, त्या दिवशी पहिल्यांदाच. तारीख बघितली. मृत्यूचा दाखला आहे का विचारलं. फॉर्मवर वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे म्हातारीला माहीत नव्हतं. असा काही फॉर्म असतो, हेही तिला माहीत नव्हतं.

“आजी, खातं आज बंद करायचं नाही.”

“ते कापलेलं परत मिळतंय व्हय?”

“कापलेलं नाही. विमा होता त्याचा. 2 लाखांचा.”

म्हातारीने नातीकडे बघितलं. कॅशियर लगेच सावरून म्हणाले की नक्की काही सांगत नाही, बँकेत फॉर्म निघाला पाहिजे, कागद लागतील, हेलपाटे होतील. वाक्य दोनदा अडखळलं. हा फॉर्म कोणत्या शाखेत, कुणी आणि कसा भरून घेतला असेल, याचा विचार त्यांच्या डोक्यात आला का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला, दोन प्रतींत. म्हातारीने नातीला ती ओळ पुन्हा दाखवायला सांगितली, तिच्यावर बोट ठेवून पाहिलं आणि पासबुक पिशवीत न टाकता पदरात गुंडाळलं.

“सोमवारी पोच घेऊन या,” कॅशियर म्हणाले.

बाकावरचा पुढचा माणूस सरकून समोर आला. पट्टी पहिल्या ओळीखाली गेली. त्याने चष्मा पुसला आणि खालच्या आवाजात वाचलं, “सतरा रुपये सत्तर पैसे.”