‘सहकुटुंब’ या शब्दाचा अर्थ

कचेरीच्या दिवाळी स्नेहमीलनाची यादी टेबलांवरून फिरू लागली की माझ्या पोटात गोळा येतो. यादीत तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचे नाव, सोबत येणाऱ्याचे नाव, नाते. ताटे किती मांडायची एवढाच हिशेब त्यामागे आहे, हे मलाही कळते. तरी तिसऱ्या रकान्यापाशी माझा हात थांबतो. गेली अकरा वर्षे मी ज्याच्यासोबत संसार करतो आहे तो पुरुष आहे.

हा खासगी मामला आहे, चळवळीच्या नियतकालिकात त्याला जागा कशाला, असे काही मित्र म्हणतील. म्हणतातच. त्यांना एवढेच सांगायचे आहे की, असल्याच एका मेजवानीचा दाखला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात घेतलेला आहे, आणि जातीचे चटके सोसलेल्या माणसाला त्यातली विचारपद्धती लगेच ओळखीची वाटेल.

काळ्या जनतेच्या लढ्याने अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा मिळवला. वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्र यांवरून नोकरीत भेद करायला त्याच्या सातव्या प्रकरणाने मनाई केली. आज १५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला ते लागू आहे. पण ‘लिंग’ या शब्दाच्या आसऱ्याला समलिंगी माणूस येतो की नाही, याचा निवाडा व्हायला २०२० साल उजाडले. जॉर्जिया राज्यातल्या क्लेटन काउंटीत बालकल्याणाचे काम करणारे जेराल्ड बॉस्टॉक समलिंगींच्या सॉफ्टबॉल संघात खेळू लागले आणि २०१३ साली त्यांची नोकरी गेली. त्यांच्या आणि सोबतच्या दोन खटल्यांत १५ जून २०२० रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती गोर्सच यांनी. ते काही पुरोगामी म्हणून ओळखले जाणारे न्यायाधीश नव्हेत; त्यांची नेमणूक ट्रम्प यांच्या कारकिर्दीतली. म्हणूनच त्यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे.

त्यांनी दिलेले उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. एका मालकाचे धोरण असे की, समलिंगी नोकर आढळला की काढून टाकायचा. कचेरीत सणाची मेजवानी ठरते, नोकरांनी आपापल्या जोडीदाराला आणावे असे निमंत्रण जाते. एक अत्यंत चांगला नोकर येतो आणि साहेबांना ओळख करून देतो: ही सुझन, माझी पत्नी. आता या नोकराची नोकरी जाईल काय? उत्तर एकाच गोष्टीवर ठरते. नोकर पुरुष असेल तर साहेब हसून हात मिळवतील. नोकर स्त्री असेल तर तिच्या हाती कागद पडेल. सुझन तीच, मेजवानी तीच, उच्चारलेले वाक्यही तेच. बदलले ते फक्त बोलणाऱ्याचे लिंग. मग शिक्षा लिंगावरूनच झाली, आणि कायद्याने नेमकी तीच निषिद्ध केलेली आहे.

मालकांच्या बाजूने दोन हरकती आल्या. पहिली: १९६४ साली कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नव्हतेच. न्यायालय म्हणाले, कायदा म्हणजे लिहिलेले शब्द. लिहिणाऱ्यांनी परिणाम ओळखले नव्हते म्हणून शब्दांचा अर्थ आखडत नाही. दुसरी हरकत जास्त चलाख: आम्ही समलिंगी पुरुषांनाही काढतो आणि स्त्रियांनाही, म्हणजे दोघांना समान वागवतो! न्यायालयाच्या मते याने एक अन्याय धुतला जात नाही, त्याचे दोन होतात. हीच चलाखी व्हर्जिनिया राज्याने पूर्वी केली होती. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर तिथे बंदी होती आणि राज्याचा बचाव असा की, शिक्षा दोघांनाही सारखीच आहे. १९६७ साली लव्हिंग खटल्यात तो बचाव फेटाळला गेला. ज्या मुलुखात पोरीने जातीबाहेर लग्न केले म्हणून बाप कोयता उचलतो, त्या मुलुखातल्या वाचकाला हे अधिक फोडून सांगायला नको. पोरगी तीच, लग्न तेच. आडनाव बदलले की गुन्हा.

आपल्याकडची स्थिती अर्धवट आहे. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. म्हणजे मी गुन्हेगार राहिलो नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न संसदेकडे ढकलला. २८ ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय अर्थखात्याच्या खुलाशामुळे आम्ही बँकेत संयुक्त खाते उघडू शकतो. पण पती-पत्नी एकत्रीकरणाची बदली, अनुकंपा नेमणूक, कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे ‘नाते’ या रकान्यातून जाते, आणि तिथे आमच्यासाठी शब्द नाही. घटनेच्या १५ व्या कलमातली भेदभावाची मनाई शासनावर आहे. खासगी मालकाने समलिंगी नोकराला जोडीदारावरून छळले तर बॉस्टॉक यांच्या हाती होता तसा कायदा आपल्या हाती नाही.

आता माझे. पहिल्या वर्षी मी रकान्यात ‘मावसभाऊ’ असे लिहिले. आडनाव वेगळे असले तरी मावसभावात खपून जाईल, असा माझा हिशेब. जेवणाच्या पंगतीत शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याला नाव विचारले, आडनाव ऐकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, हे आडनाव तुमच्यात कुठून?” तो माझ्या जातीचा नाही. ज्या गृहस्थांना माझ्या संसाराची शंकाही नव्हती, त्यांना जात मात्र बरोबर मोजता येत होती! मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर सहा वर्षे एकटाच जात राहिलो. दोन वर्षे तर तापाचे निमित्त सांगून घरीच बसलो.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. चोरी हा शब्द किती नेमका आहे ते मला त्या रात्री कळले. नोकरीच्या सुरुवातीला भाड्याच्या खोलीसाठी मी आडनाव गिळले होते, पुढे ते सोडले, जयंतीला छातीवर बिल्ला लावून कचेरीत गेलो. आणि घरातल्या माणसाला मावसभाऊ करून पुन्हा तीच चोरी. १९३६ साली बाबासाहेबांनी जात मोडायला सहभोजन पुरत नाही, आंतरजातीय विवाहाकडे जावे लागेल, असे मांडले. आमच्या घरात दोन जाती रोज एका चुलीवर जेवतात. आंतरजातीय विवाहांच्या कोणत्याही मोजणीत हे घर येत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

“हे शहरी चोचले आहेत,” असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला सुनावले. मी त्यांना १९३४ सालची आठवण दिली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरला, पण वकीलपत्र घ्यायला ते कचरले नव्हते. आणि ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या १९७२ च्या पँथरने नाव घेतले, त्यांच्या ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्येच समलिंगींच्या मुक्ती चळवळीशी जुळवून घ्या, असे आपल्या साथींना बजावले होते. आपण नाव घेतले; हे बजावणे मात्र घ्यायचे राहून गेले. ज्येष्ठांनी चहा मागवला आणि विषय बदलला. त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी झाला नाही, राग मात्र राहिला.

यंदाची यादी गेल्या सोमवारी आली. मी त्याचे पूर्ण नाव आडनावासकट लिहिले आणि पुढे ‘जोडीदार’ असे लिहिले. आस्थापनेतल्या बाईंनी चष्मा वर केला.

“जोडीदार म्हणजे धंद्यातले का, सर?”

“नाही मॅडम. घरातले.”

त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग माझ्या नावापुढे दोन ताटे लिहिली आणि यादी पुढच्या टेबलावर दिली. तिथे ते आडनाव विचारणारे गृहस्थ बसतात. कार्यक्रम येत्या शनिवारी आहे.