मुद्दाम तापविलेली चिप

यंत्र तापूं लागलें कीं मनुष्य काळजींत पडतो. परंतु एफपीजीए नांवाच्या चिपेच्या बाबतींत अभियंते तिला पुष्कळदां मुद्दामच तापवितात, आणि त्यांत वेडेपणा नसून दूरदृष्टि आहे.

सामान्य चिपेचें काम कारखान्यांतच ठरून जातें. एफपीजीएच्या अंगीं मात्र असंख्य छोटे तर्कघटक असतात आणि त्यांची जोडणी वापरणारा स्वतः ठरवितो. झायलिंक्स कंपनीच्या १९८५ सालच्या अशा चिपेंत अवघे ६४ घटक होते. आज ते लाखांनीं मोजतात.

या सोयींतच एक अडचण आहे. चिप किती तापेल हें तिच्यांतील जोडणीवर अवलंबून. आणि जोडणी तर पुष्कळदां सर्वांत शेवटीं सिद्ध होते. पंखा व वीजपुरवठा मात्र आधींच निवडावे लागतात. ते पुरे पडतील कीं नाहीं, हें पारखण्यासाठीं चिपेला खोटें काम देतात.

चिपेंतील प्रत्येक तारेवर सूक्ष्म विद्युत्भार सांठतो. तिची स्थिति शून्यावरून एकावर व पुन्हां शून्यावर आली, कीं तो भार भरतो व रिता होतो आणि खर्चलेली ऊर्जा उष्णतारूपानें प्रकट होते. बदलांचा वेग दुप्पट केल्यास ही उष्णता दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट केल्यास चौपट. म्हणून हजारों घटक प्रत्येक ठोक्याला उलटसुलट होत राहतील अशी जोडणी करतात. हिशेब कांहीं होत नाहीं, उत्तर कांहीं निघत नाहीं. निघते ती केवळ ऊब. ठोक्यांचा वेग पायरीपायरीनें वाढवून तापमान पाहतात. सामान्य व्यापारी प्रतीच्या पुष्कळ चिपांना अंतर्भागीं ८५ अंश सेल्सिअस ही मर्यादा असते. ती ओलांडली जात असेल, तर दोष प्रयोगशाळेंतच कळतो, गिऱ्हाइकाच्या घरीं नव्हे.

दुसरी युक्ति रिंग ऑसिलेटरची. संकेत उलटा करणारे घटक विषम संख्येनें वर्तुळांत जोडले, कीं संकेताला कोठेंच स्थैर्य मिळत नाहीं. तो अखंड फिरतो. चिप तापली कीं त्याची गति बहुधा मंदावते. म्हणजे तेंच वर्तुळ शेगडी आणि तेंच तापमापक!

परंतु शेगडीनें घरहि पेटतें. अशीं असंख्य वर्तुळें ठराविक लयींत एकाएकीं चालू-बंद केल्यास चिपेला मिळणारें व्होल्टेज क्षणभर घसरतें व चिप कोलमडूं शकते, हें जर्मनींतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें. म्हणूनच आपल्या एफपीजीए भाड्यानें देणारी ॲमेझॉन कंपनी असलीं वर्तुळें असलेली जोडणी स्वीकारीत नाहीं. स्वतःच्या चिपेवर जी परीक्षा, तीच दुसऱ्याच्या चिपेवर घातपात ठरते.